सकयलचा सूर

फोंड्याला माझं दुकान. टीव्हीवाला म्हणून
आता कुणी हाक मारत नाही, मोबाइलच्या काचा बदलतो.
तरी कुडतरीहून फोन आला: लाकडी पेटीचा जुना संच आहे,
घेऊन जा, वाट अडते.

केतान रेबेलो. वय ब्याऐंशी. अंगात गंजी,
पण पँटला इस्त्री.
मी मागचं झाकण काढलं. पालीची अंडी,
चाळीस वर्षांची मऊ काळी धूळ.
आणि सवयीनं शीळ घातली,
तीच, बुधवारी रात्री साडेआठची,
जिच्यासाठी मी फणसावर चढून अँटेना धरायचो
आणि खालून आई ओरडायची,
मुंग्या! अजून मुंग्या! हां, आता हलू नको!
हललो नाही.
म्हणून ती मालिका मी कधी बघितलीच नाही,
तिची धून तेवढी ऐकली, पानांतून, पाठमोरी.

म्हातारा म्हणाला, परत मार.
मारली.
सूर बरोबर, म्हणाला, पण घाई करतोस.
तिथं आम्ही श्वास घेतला होता.

आम्ही?

ताडदेवचा स्टुडिओ. नऊची शिफ्ट.
बारापर्यंत पाच तुकडे. कागदावर नाव नाही, नुसतं
तीन नंबर, एक मिनिट दहा सेकंद.
कशाचं ते विचारायची रीत नव्हती.
आठ व्हायोलिनं, त्यांतली सहा साष्टीची,
इगर्जीच्या शाळेत पट्टीचा मार खात
कागद वाचायला शिकलेली.
वाजवलं, सही केली, पाकीट घेतलं.
पुढं पाच वर्षांनी बहिणीकडे जेवताना
खिडकीतून शेजारच्यांचा टीव्ही ऐकला
आणि हातातला घास तसाच राहिला: अरे, तीन नंबर!
धावत गेलो बघायला. पडद्यावर नावं पळत होती.
कपडेवाल्याचं होतं.
तोवर संपलं.

त्यानं खाटेखालून पेटी ओढली.
तारा जुळवताना तोंडानं शिव्या पुटपुटत होता, हवेला बहुतेक.
मग वाजवलं.
मी म्हटलं, हे ते नव्हे.
तेंच रे, म्हणाला. तुजें वयलें. हांव सकयलचो.
दुसरो व्हायोलीन.
तू मार शीळ.

मी वर, तो खाली.
फणसाच्या फांदीवर अंग चोरून बसलेल्या पोराला
चाळीस वर्षांनी
पायाखाली जमीन लागली.

पण चाळिसाव्या सेकंदाला मी थांबलो.
तिथं कुणीतरी दार वाजवायचं, मालिका सुरू व्हायची.
माझी शीळ तिथंच तुटते,
दुकानात, न्हाणीत,
अण्णांना पोचवून परतताना नकळत आली
तेव्हाही तिथंच तुटली.

तो थांबला नाही.
उरलेले तीस सेकंद वाजवत राहिला, खालचे, एकटे.
मध्ये दोन मापं गप्प झाला,
मान हलवत, कुणाची तरी वाट बघत,
मग पुन्हा धरलं, लांब एक सूर,
आणि गज उचलला.

इथं वर काय होतं?
पावलीन वाजवायचा. मोयराचा पावलीन.
त्याला विचारू?
गेला तो.
पण तुम्ही शेजारी होतात ना, ऐकलं असेल की.
त्यानं गजाला राळ लावली, निवांत.
मी माझा कागद वाचत होतो, म्हणाला.

संचाचे दोनशे ठरले होते. मी तीनशे दिले.
शंभर परत आले. शिफ्टचा दर एकच असतो.

टेम्पो बोरीच्या पुलावर आला, खाली ओहोटी.
शीळ घातली. श्वासाच्या जागी श्वास घेतला.
दाराच्या जागी आलो
आणि ओठ तसेच ठेवून
खालचं मोजू लागलो, दोन मापं, गप्प.
वाऱ्यानं वर काहीतरी लावलं असेल, नसेल.
मागं दोरीनं बांधलेली काळी काच
सरत जाणारा पूल बघत होती.